हलक्या कड्या

(पुसेगावच्या शिवारात आखाड्याजवळची, म्हणजे शेतातल्या घराजवळची, एक जुनी विहीर. भर दुपार. किसनराव आणि त्यांची सून पुनम विहिरीच्या मध्यावर, पाण्याच्या वरच्या दगडी टप्प्यावर अडकलेले.)

किसनराव : आजून दगड येतील का वरून?

पुनम : आता बहुतेक नाही. पण डोकं भिंतीला लावूनच बसा, मामा. पाय हलवू नका.

किसनराव : हलतंयच कुठं ते. घोट्यात काई राह्यलं न्हाई. अन् तुझा दोर?

पुनम : तुटला. मी उतरले आणि काठाचा दगड निसटला, तो दोरावरच आला. लिंबाला बांधलेला तुकडा वर राहिला. उरलेला हा, माझ्या अंगावर पडला तेवढा.

किसनराव : म्हंजी मला काढायला तू आली, अन् आता दोघंबी खालीच.

पुनम : हो.

किसनराव : आवाज दे की कोनाला.

पुनम : कोणाला देऊ? आत्याबाई गेल्या, हे गेले, शेजारच्या आखाड्यावरचे माणिकरावसुद्धा गेले. सगळे गोरेगावला लग्नात आहेत. आखाड्यावर आपण दोघंच राहिलो.

किसनराव : मोबाईल?

पुनम : माझा वर बाजेवर राहिला. तुमचा?

किसनराव : त्यो गेला पाण्यात. मी टप्प्यावर आटकलो, त्यो न्हाई आटकला. बसावं मग. सांजच्याला आमचा विकास येतोच जीप घेऊन.

पुनम : मामा, समोर ती वायर लोंबतेय ती कशाची?

किसनराव : मोटरीची. लोखंडी पायऱ्या उखडल्या तवा हाताला तीच घावली. धरली, तर तुटून आली.

पुनम : आता लाईट नाही ना?

किसनराव : न्हाई म्हनूनच तर उतरलो. पाइपाचा जोड निसटला व्हता, तेवढा आवळायचा. या हप्त्यात थ्री फेज दुपारची हाय.

पुनम : दुपारची म्हणजे आत्ताच की. आणि स्टार्टरचा ऑटो बंद केला होता ना?

किसनराव : न्हाई केला. आता जातो, आता येतो, असं म्हनलं.

पुनम : म्हणजे लाईट आली की स्टार्टर आपोआप चालू होणार आणि त्या वायरीत करंट येणार.

किसनराव : व्हय. अन् भिंत तर सगळी पाझरून राहिली. तुझ्या पाठीची बी, माझ्या पाठीची बी.

पुनम : थांबा, दोराला कडी बांधून फेकते. वायर ओढता आली तर... नाही. अडकत नाही.

किसनराव : आनखी एकदा टाक.

पुनम : तीनदा टाकली. गुळगुळीत आहे ती, निसटते. यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. मला वर जावं लागेल.

किसनराव : कशावरून जाशील? लोखंडी पायरी तर एक न्हाई राह्यली.

पुनम : दगडावरून.

किसनराव : येडी झाली का? ही काय घराची भिंत हाय का? काळा पाषान हाय. सुरुंग लावून फोडला व्हता आमी.

पुनम : म्हणूनच चिरा पडल्यात. ही बघा, इथून वर गेलीय ती. वरचं बांधकाम लागेपर्यंत पकड आहे. मी बघून घेतलंय उतरतानाच.

किसनराव : उतरतानी हे बघत व्हतीस?

पुनम : सवय आहे. डोळे आपोआप बघतात.

किसनराव : अन् पडलीस म्हंजी? खाली दोन पुरुस खोल पानी हाय. मधात हे दगड.

पुनम : पडले तर तुम्ही धरायचं.

किसनराव : म्या?

पुनम : तुम्ही. तुमचा पाय गेलाय, हात तर आहेत. आधी तुम्हाला बांधते. हात वर करा. हा पट्टा छातीखालून घेते, दुसरा मांड्यांतून. माफ करा मामा, असं जवळ येऊन... पण इलाज नाही.

किसनराव : बांध, बांध. लाज धरायची येळ हाय का ही? तुझ्या कमरेला हे घुंगरावानी काय वाजून राहिलं?

पुनम : पाचरी आहेत या, चिरेत बसवायच्या. आणि या कॅरॅबिनर. कडीच म्हणा. ही दांडी आत दाबली की उघडते, सोडली की आपोआप मिटते. पाचर चिरेत, पाचरीला कडी, कडीतून दोर. मी पडले तर शेवटच्या कडीला लोंबेन.

किसनराव : बघू दे. ही? ही तर तारेची हाय! फुंकली तर उडल. आमच्या बैलाच्या येसनीची कडी हिच्यापरीस जाड असते.

पुनम : दांडी तारेची आहे, कडी नाही. पाठीवर आकडा कोरलाय बघा. लांबीत ओढलं तर वीस क्विंटलच्या वर धरते ही.

किसनराव : वीस क्विंटल! ह्या बोटाएवढ्यानं?

पुनम : लांबीतच पण. आडवी पडली किंवा दांडी उघडी राहिली तर सातावर येते.

किसनराव : मंग जाड कड्या काहून न्हाई आनल्या? का तुझ्याकडं हलक्याच हायेत?

पुनम : जाडही आहेत. जुन्या. बाजेवर पडल्यात. मी सकाळपासून निवडत बसले होते, कुठल्या न्यायच्या, कुठल्या ठेवायच्या. आत्याबाईंच्या मसाल्याच्या वजनकाट्यावर एकेक ठेवून बघत होते. ज्या हलक्या निघाल्या त्या कमरेला अडकवल्या, कशा बसतात ते बघायला. तेवढ्यात तुमची हाक आली. तशीच पळाले.

किसनराव : न्यायच्या म्हंजी? कुठं न्यायच्या?

पुनम : हात खाली घ्या आता. फार आवळलं तर सांगा.

किसनराव : पुनम, म्या इचारून राहिलो. कुठं न्यायच्या?

पुनम : नाशिककडं. कॉलेजचा जुना ग्रुप आहे माझा. एक सुळका चढणार आहेत, मला बोलावलंय. गुरुवारी निघणार होते.

किसनराव : विकासला ठाव हाय?

पुनम : नाही.

किसनराव : तुझ्या आत्याबाईला?

पुनम : कोणालाच नाही. सेनगावहून एसटीनं जाणार होते. एकटीला सगळं वागवायचं, म्हणून हलकं हलकं काढत होते. वीस कड्या न्यायच्या तर जाड आणि हलक्यात पाण्याच्या बाटलीएवढा फरक पडतो. सुळक्यावर तेवढाही जाणवतो.

किसनराव : चोरून चालली व्हतीस घरातून?

पुनम : विचारून झालं होतं मामा. दिवाळीत विचारलं, संक्रांतीला विचारलं. तुम्ही ओट्यावर बसून म्हणालात, ‘सूनबाईला सांगा, आता ते डोंगर-बिंगर झालं.’ मला नाही सांगितलं, आत्याबाईंना सांगितलं. मी दाराच्या आतच उभी होते.

किसनराव : मंग काय म्हनायला पायजे व्हतं? पोरगी दोराला लोंबून राहिली, कोन्या बापाला बरं वाटल?

पुनम : माझ्या बापाला वाटलं होतं. मला बघायला आलात तेव्हा तुम्हालाही वाटलं होतं. बैठकीत फोटो हातात घेऊन सगळ्यांना दाखवला तुम्ही, ‘आमची सून पहाड चढती’ म्हणून.

किसनराव : ते... त्यावक्ती निराळं व्हतं.

पुनम : हो. तेव्हा मी तुमच्या घरात नव्हते. तीन वर्षं ही पेटी उघडते, सामान पुसते, परत मिटते. मला रात्री स्वप्नात माझेच हात दिसतात, दगड नाही दिसत. हे धरा.

किसनराव : काय हे?

पुनम : ही एकच अशी आहे माझ्याजवळ आत्ता, स्क्रूवाली. फिरवून कुलूप लागतं. आपोआप उघडत नाही. बाकी सात त्या हलक्या.

किसनराव : मंग ही तू घे! तू चढून राहिली. मजबूत ती तुझ्यापाशी पायजे.

पुनम : नाही. जो धरून बसतो त्याच्यापाशी पाहिजे. मी पडले तर सगळा झटका या कडीवर येणार. ती उघडली तर तुमच्या हातात काही राहत नाही.

किसनराव : अन् मला ह्या भिताडाला कशानं बांधलं?

पुनम : चिरेतल्या पाचरीला दोन हलक्या, शेजारी शेजारी. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. एक चुकून उघडली तरी दुसरी धरते. दोन लावल्या की कुलपाचं काम होतं.

किसनराव : म्हंजी तुझ्यापाशी राह्यल्या पाच.

पुनम : पुरतात. नीट बघा आता. दोर हा असा फिरवून तुमच्या कडीत घातलाय, टोक माझ्या कमरेला आहे. मी ‘ढील’ म्हटलं की दोर पुढं सोडायचा, थोडा थोडा. मी पडले की हा हात असा मागं, मूठ घट्ट. दोर आपोआप आवळतो. काही झालं तरी या उजव्या हातानं दोर सोडायचा नाही. नाक खाजलं तर डाव्या हातानं.

किसनराव : उजवा सोडायचा न्हाई.

पुनम : परत सांगा.

किसनराव : सांगितलं की. उजवा सोडायचा न्हाई. तू तर लई बोलून राहिली आज.

पुनम : करून दाखवा. सोडा... आता ओढते, धरा. बरोबर. आणखी एकदा. बास. निघते मी.

किसनराव : पुनम. न जाता न्हाई का जमायचं? न्हाई येनार लाईट कदाचित. कधी कधी दिवसभर येत न्हाई.

पुनम : आणि आली तर?

किसनराव : जा मंग. धरला म्या दोर.

पुनम : ढील.

किसनराव : घे.

पुनम : ढील... बास. पहिली पाचर बसतेय. बसली. कडी लावली, दोर घातला. वर बघू नका, डोळ्यांत माती जाईल.

किसनराव : न बघता कसं कळल मला?

पुनम : हाताला कळेल. ढील.

किसनराव : देतो. पाय घसरतो का तुझा?

पुनम : अनवाणी आहे, ओलं आहे. घसरतो थोडा. दुसरी लावली.

किसनराव : तीन राह्यल्या.

पुनम : मोजू नका.

किसनराव : मोजनं व्हऊन राहिलं, म्या काय करू.

पुनम : ढील... अजून... अगं बाई गं, ये की हातात!

किसनराव : काय झालं?

पुनम : कडी उघडेना. फार लहान आहे ही. सकाळीच वाटलं होतं, हिची दांडी बोटात बसत नाही म्हणून. वजन बघून ठेवून घेतली. थांबा... गेली.

किसनराव : काय गेली? पान्यात काई वाजलं!

पुनम : कडी. हातातून सुटली.

किसनराव : मंग खाली ये! उतर!

पुनम : उतरणं चढण्याहून अवघड आहे इथं. दोर आवळून धरा. हात सुटतोय माझा... मामा, धरा! धरा!

किसनराव : धरलं! धरलं माय, धरलं! पुनम! पुनम!

पुनम : आहे. आहे मी.

किसनराव : रगत येऊन राहिलं तुझ्या कोपराला.

पुनम : खरचटलंय. तुम्ही?

किसनराव : टाळूपस्तोर कळ गेली पायातून. हात न्हाई सोडला.

पुनम : कळलं मला. कडीनंही नाही सोडलं.

किसनराव : तुझं वजन हाय ना माझ्या हातात आता? सगळं?

पुनम : बरंचसं.

किसनराव : लई न्हाई. तू जेवत न्हाईस का काय बराबर?

पुनम : मामा, हसवू नका, मला भिंत धरायचीय. धरली. ढील द्या.

किसनराव : जरा दम घे की.

पुनम : दम घेतला की भीती वाटेल. ढील.

किसनराव : घे. सावकाश.

पुनम : इथं पाचर लावत नाही. वर लागेल ती. इथून वर थोडं मोकळंच जावं लागेल.

किसनराव : मोकळं म्हंजी?

पुनम : म्हणजे बोलू नका.

किसनराव : ...

पुनम : ढील... ढील... हं. लावली. ही मोठी होती, लगेच उघडली. आता बांधकाम लागलं. हे हलतंय सगळं. डोकं भिंतीला लावा, दगड पडेल एखादा.

किसनराव : पडू दे. तुझं बघ.

पुनम : लिंबाची मुळी आलीय बाहेर. ती धरते. एक... मामा, सगळा दोर सोडा आता. सगळा!

किसनराव : सोडला! गेलीस का? पुनम? पोचलीस का?... आरं, बोल की. पुनम! स्टार्टर खोलीच्या मागच्या भिताडाला हाय! लाल डब्बा! आधी फ्यूज काढ, ऑटोला हात लावत बसू नको! आयकू गेलं का?... पुनम!... पाय ओले हायेत तुझे, वाळल्या जागी हुबी राह्य! लाकडी पाटावर हुबी राह्य! पुनम... ये माय, काईतरी बोल की... म्या फ्यूजचं न्हाई बोलायला पायजे व्हतं का?... पुनम!

पुनम : मामा!

किसनराव : हाय! हाय म्या! निघाला का?

पुनम : तिन्ही फ्यूज काढले. हातात आहेत माझ्या. तिथवर ऐकू येत होतं, किती ओरडताय!

किसनराव : न्हाई, ते... इथं एकट्यानं बसलं की आवाज लई मोठा व्हतो. पाटावर हुबी राह्यलीस?

पुनम : राहिले. फोनही केला. हे निघालेत तिथून. सद्दामभाईंची विहीर खणायची क्रेन गोरेगावातच आहे, ती घेऊन येतायत, पाळण्यासकट. दवाखान्याची गाडीपण सांगितलीय. तोवर मी इथंच काठावर आहे. बाजूला सरकून, पक्क्या जागी.

किसनराव : रगत थांबलं का?

पुनम : ओढणी बांधली. तुम्हाला चक्कर येतेय का?

किसनराव : येते जराशीक. पन बांधलेलाच हाय ना म्या. पडून पडून कुठं पडनार.

(बराच वेळ जातो.)

पुनम : मामा, ऐका.

किसनराव : काय?

पुनम : माणिकरावांची मोटर चालू झाली. ऐकू येतंय? लाईट आली.

किसनराव : येतंय आयकू.

पुनम : काही नाही होणार आता. फ्यूज माझ्या हातात आहेत.

किसनराव : ठाव हाय मला. तरीबी ह्या वायरीकडं बघवत न्हाई. ...पुनम, गुरुवारची गाडी किती वाजताची हाय?

पुनम : आता कसली गाडी. तुमच्या पायाला प्लास्टर लागेल. आत्याबाईंच्यानं एकटीनं उठवणं-बसवणं होणार नाही.

किसनराव : पाय माझा मोडला, तुझा न्हाई.

पुनम : असं वर आल्यावर म्हणाल का? ओट्यावर, सगळ्यांसमोर?

किसनराव : इचार करून राहिलो. खोटं कशाला बोलू. वर गेल्यावर मानूस निराळा व्हतो.

पुनम : हो. बघितलंय मी.

किसनराव : मला येळ लागल. पन तू थांबू नको त्याच्यासाठी. रडून राहिली का वर?

पुनम : नाही. कोपर दुखतंय. जीप दिसतेय, मामा. पांदीच्या वाटेनं येतेय. मागं क्रेनपण आहे. बरीच माणसं आहेत. आत्याबाई पुढं बसल्यात. मामा, मी काय सांगू त्यांना? कड्यांचं विचारतील, बाजेवर सगळं पसरून पडलंय. कुठं चालले होते ते विचारतील.

किसनराव : जे झालं ते सांग. निवडत व्हतीस तिथपासून. म्या मधात बोलनार न्हाई.

पुनम : तुम्ही सांगितलं तर बरं होईल.

किसनराव : न्हाई. तुझ्याच तोंडानं सांग. अन् मोठ्यानं सांग जरा, मला खाली आयकू आलं पायजे.